डिसेंबरात डिस्ने वर्ल्ड: एकाच महिन्यात गर्दी इतकी वर-खाली का होते?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहतो. आई-बाबा कराडहून आलेत आणि ९ जानेवारीला परत जाणार आहेत. मुलगी पहिलीत आहे. आजी-आजोबांना घेऊन ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जायचं असा तिचा हट्ट आहे, आणि खरं सांगायचं तर आमचीही इच्छा आहे. पुन्हा सगळे एकत्र कधी जमू, सांगता येत नाही.

तारीख मात्र ठरत नाही. एक पर्याय ७ ते ११ डिसेंबर, पण त्यासाठी मुलीची शाळा बुडेल. दुसरा २१ ते २५ डिसेंबर, तेव्हा शाळेला सुट्टी आहे आणि नवऱ्यालाही रजा आहे. तिसरा २ ते ५ जानेवारी.

गर्दीचे अंदाज देणाऱ्या दोन-तीन साइट बघितल्या. थँक्सगिव्हिंगला आलेख वर, नंतर एकदम खाली, मग डिसेंबरच्या मध्यापर्यंत करवतीच्या दातांसारखा, २० तारखेच्या आसपास सरळ कडा आणि जानेवारीत उतार. मंगळवारी हिरवा रंग, त्याच आठवड्यातल्या बुधवारी लाल. असं का, ते कुठेच नीट लिहिलेलं नाही. कारण कळलं तर मी माझ्या तारखा स्वतः ठरवू शकेन.

बाबांचा गुडघा दुखतो. दोन-दोन तास रांगेत उभं राहणं त्यांना जमणार नाही, म्हणून एवढं खोलात विचारतेय.

एडिसनकर

ताई, आमच्याकडचं सांगतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्यू जर्सीतल्या शिक्षक संघटनेचं अधिवेशन असतं. गुरुवार-शुक्रवार राज्यभरच्या शाळा बंद. चार दिवसांची सलग सुट्टी मिळाली की इथली निम्मी आळी फ्लोरिडाच्या विमानात. ऑर्लँडोत या आठवड्याला ‘जर्सी वीक’ असं नावच पडलंय. सण नाही, राष्ट्रीय सुट्टी नाही, तरी आलेखावर टेकडी उभी राहते. इतर राज्यांतल्या लोकांना ती का आली ते कळत नाही.

आम्ही दोनदा याच आठवड्यात गेलो. तिथल्या रांगेत मागच्या गल्लीतले शेजारी भेटले. तुमच्या तारखांना हा प्रश्न नाही, पण ‘का’चं उत्तर बहुतेक इथेच आहे.

रात्रपाळी

कृष्णाकाठ ताई, मी डिस्ने वर्ल्डजवळच्या किसिमी गावात हायवे १९२ वरच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर रात्रपाळी करतो. बरीच वर्षं झाली. मध्यरात्रीनंतर ऑडिट संपलं की उद्याची अरायव्हल लिस्ट काढायची, हे माझं रोजचं काम. पार्कात किती माणसं शिरणार हे पार्काआधी आम्हाला दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एडिसनकरांनी बोट बरोबर ठेवलंय. तारखेपेक्षा त्या दिवशी कोणत्या राज्यातल्या शाळा बंद आहेत, हे बघा. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. तो आठवडा भरतो, आणि रविवारी सकाळी अकराला सगळं हॉटेल एकदम रिकामं होतं. हाउसकीपिंगच्या बायकांचा त्या दिवशी जीव जातो. त्यानंतरचे दोन आठवडे अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या शाळा चालू असतात, सहामाहीच्या परीक्षा तोंडावर असतात आणि नुकताच खर्च झालेला असतो. आलेखाचा खड्डा तो हा. तेव्हा आमच्याकडे निवृत्त जोडपी, शाळेत न जाणारी लहान मुलं असलेले आईबाप आणि परदेशी पाहुणे असतात. रजिस्टरवर पहिली-दुसरीतली मुलं क्वचित दिसतात.

आता २० तारखेचा कडा. तो कधी येणार हे नाताळ कोणत्या वारी आहे त्यावर ठरतं. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी होता. तेव्हा बऱ्याच शाळा आधीच्या आठवड्यात अगदी गुरुवार-शुक्रवारपर्यंत चालल्या. म्हणून १८ ते २१ डिसेंबर हे दिवस त्या मानाने बरे गेले. २०२४ मध्ये बुधवारी होता, तर सुट्टीचं शेपूट जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे ५ तारखेपर्यंत लांबलं. यंदा नाताळ शुक्रवारी आहे. बहुतेक शाळा १८ च्या शुक्रवारी सुटतील आणि ४ जानेवारीच्या सोमवारी भरतील. म्हणजे यंदा उसळी १९ च्या शनिवारपासून धरा.

ही उसळीसुद्धा एकदम येत नाही, लाटांनी येते. मी रात्री पार्किंगमध्ये फेरी मारतो तेव्हा नंबरप्लेटवरून कळतं. पहिल्या रात्री जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, तुमच्या दोन्ही कॅरोलायना. ही मंडळी डिकी भरून ठेवतात, मुलांना शाळेतूनच उचलतात आणि रातोरात आय-७५, आय-९५ ने खाली येतात. पहाटे तीनला चेक-इन करताना मुलं बाबांच्या खांद्यावर झोपलेली असतात. दोन-तीन दिवसांनी विमानाने येणारे, ईशान्येकडचे आणि मिडवेस्टचे. आणि खरी मोठी लाट २६ ला. नाताळची सकाळ इथले लोक घरी झाडाखाली भेटी उघडण्यात घालवतात, दुपारी आजीकडे जेवतात आणि दुसऱ्या दिवशी निघतात. त्यामुळे वर्षातले सगळ्यात भरलेले दिवस २६ ते ३१ डिसेंबर. नाताळच्या दिवशी लोक घरी असतील, म्हणून तो आठवडा चांगला, असा हिशोब करून आलेली बरीच देशी कुटुंबं मी बघितली आहेत. संध्याकाळी लॉबीत बसलेले त्यांचे चेहरे बघून वाईट वाटतं, कारण एवढा खर्च करून आलेले असतात.

मंगळवार हिरवा आणि बुधवार लाल कसा, हे आता सांगतो. हे कारण शाळेचं नाही, खुद्द पार्कानेच तयार केलेलं आहे. मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी किल्ला असलेल्या पार्कात, नोव्हेंबरपासून नाताळच्या काही दिवस आधीपर्यंत ठरावीक रात्री ‘मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ असते. तिचं तिकीट वेगळं आणि महाग. त्या दिवशी साधं तिकीट असलेल्यांना संध्याकाळी ६ ला बाहेर काढतात. पार्टी ७ ते १२. मग साधं तिकीट काढणारा माणूस विचार करतो, पैसे पूर्ण दिवसाचे द्यायचे, आतषबाजी दिसणार नाही आणि सहाला बाहेर, कशाला? तो दुसऱ्या दिवशी जातो, ज्या दिवशी पार्टी नाही. म्हणून पार्टीचा दिवस दुपारपर्यंत मोकळा आणि बिनपार्टीचा दिवस तुडुंब. आलेखावरचे दात ते हेच. पार्टीच्या दिवशी तीच माणसं एपकॉट नाहीतर हॉलिवूड स्टुडिओजमध्ये सरकतात, म्हणून एका पार्काचा रंग हिरवा झाला की शेजारचा लाल होतो.

शेवटची पार्टी झाली की तीच नाताळची परेड आणि तीच आतषबाजी साध्या तिकिटावर सगळ्यांना दाखवतात. म्हणजे नेमक्या ज्या आठवड्यात शाळा सुटतात, त्याच आठवड्यात मॅजिक किंगडमचं आकर्षणही वाढतं. हे दोन्ही एकमेकांवर चढतात.

पैशाचाही यात हात आहे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून इथली तिकिटं तारखेनुसार महाग-स्वस्त झाली. २०२५ मध्ये एका दिवसाचं सगळ्यात स्वस्त तिकीट ११९ डॉलर होतं आणि नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमचं १९९. पाच माणसांना हा फरक सोसत नाही. ज्यांना जमतं ते डिसेंबरच्या सुरुवातीला सरकतात, त्यामुळे जुने लोक सांगतात तसा रिकामा डिसेंबर आता उरलेला नाही. खड्डा आहे, पण उथळ झालाय. हॉटेलांचे दरही असेच. आमच्याकडची तीच खोली, तीच गादी, तोच नाश्ता, दोन आठवड्यांत भाडं दुपटीच्या वर जातं. मला हे आवडत नाही. पण यंत्र कसं चालतं ते तुम्हाला माहीत हवं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. गर्दी म्हणजे माणसं आणि रांग म्हणजे वेळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाँटेड मॅन्शन या राईडमध्ये गाड्यांची माळ अखंड फिरत असते, तासाला भरपूर माणसं जातात, म्हणून भरल्या दिवशीही रांग पुढे सरकते. पीटर पॅनच्या उडत्या गलबतात तासाला त्या मानाने फार कमी माणसं बसतात, म्हणून मोकळ्या दिवशीही तिथे तासभर जातो. शिवाय शांत दिवसांत पार्क लवकर बंद होतं, काही राईड दुरुस्तीला जातात, कर्मचारीही कमी लावतात. भरल्या दिवसांत सकाळी लवकर उघडतं आणि रात्री उशिरापर्यंत चालू राहतं. त्यामुळे माणसं निम्मी झाली म्हणून रांग निम्मी होईल असं समजू नका. त्यात पैसे देऊन घेतलेली लाइटनिंग लेन वेगळी. राईडच्या तोंडाशी त्या रांगेतल्यांना आधी सोडतात, साध्या रांगेतल्यांना उरलेल्या जागा. नाताळच्या आठवड्यात त्या उरलेल्या जागा किती कमी असतात ते उभं राहिल्यावर कळतं.

तुमचा तिसरा पर्याय. २ आणि ३ जानेवारी शनिवार-रविवार आहेत. २ ला परतणाऱ्यांची आणि शेवटचा दिवस साधणाऱ्यांची गर्दी असेल. ३ ला दुपारनंतर आमची लिस्ट पातळ होते. ४ आणि ५ खूपच बरे. पण मग लगेच डिस्नेची मॅरेथॉन येते, जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. धावणारे आपल्या घरच्यांना घेऊन येतात, पहाटे रस्ते बंद असतात. ब्राझीलच्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, तिकडून एकाच रंगाचे टीशर्ट घातलेल्या पोरांच्या मोठमोठ्या टोळ्या येतात. आणि जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा लाँग वीकेंड. उतार आहे, पण त्यात खाचखळगे आहेत.

माझं मत विचाराल तर ७ ते ११ डिसेंबर. पहिलीतल्या मुलीचे चार-पाच दिवस बुडाले तर ती भरून काढेल. वडिलांचा गुडघा शेकडो जणांच्या मागे तीन तास उभा राहून बरा होणार नाही.

टँपावाली

रात्रपाळी दादांनी सगळं सांगितलंय, मी स्थानिकांची बाजू सांगते. आमच्याकडे वार्षिक पास आहे. फ्लोरिडात राहणाऱ्यांसाठी जे स्वस्त पास असतात, त्यांवर ‘ब्लॉकआउट’ तारखा असतात, म्हणजे त्या दिवशी पास चालत नाही. सगळ्यात स्वस्त पासवर शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस बंद, मधल्या पासवर थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या आसपासचे दिवस बंद. म्हणून नाताळच्या आठवड्यात पार्कात आम्ही इथले लोक कमी असतो. हे दार उघडं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

याची उलटी बाजूही आहे. ब्लॉकआउट सुरू व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस आणि संपल्यानंतरचे पहिले दिवस, आम्ही सगळे त्यात घुसतो. सजावट अजून उतरलेली नसते, पास पुन्हा चालू झालेला असतो, ऑर्लँडो-टँपाची अर्धी मंडळी संध्याकाळी तासा-दीड तासाची गाडी मारून जाऊन येते. डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी एपकॉट भरतं त्यातही आमचा मोठा वाटा. तिथे कॅन्डललाइट प्रोसेशनल नावाचा मोठ्या समूहगायनाचा कार्यक्रम असतो, रात्री तीन वेळा. मी ख्रिस्ती नाही, पण दरवर्षी अंगावर काटा येतो. तुमच्या आईंना गाण्याची आवड असेल तर चुकवू नका.

फक्त एका बाबतीत माझं मत दादांपेक्षा थोडं वेगळं आहे. नाताळच्या दिवशी सकाळी पार्क उघडताना गेलात तर दोन-अडीच तास बरे मिळतात, खास करून अ‍ॅनिमल किंगडममध्ये. जेवणानंतर मात्र पाय ठेवायला जागा नाही. ३१ ला मॅजिक किंगडम कधीकधी भरलं म्हणून दारं बंद करतात. त्यांची नववर्षाची तीच आतषबाजी ३० ला रात्रीही होते, माहीत असलेले लोक तेव्हाच बघून घेतात, आणि त्यामुळे ३० सुद्धा भरते.

हवामानाचंही लक्षात ठेवा. फ्लोरिडा म्हणून स्वेटर न घेता येऊ नका. २०२२ च्या नाताळात इथे पहाटे पारा शून्याजवळ गेला होता. वॉटर पार्क बंद होते, टोप्या आणि हातमोजे दुकानांतून संपले होते.

रात्रपाळी

टँपावाली ताई, नाताळच्या सकाळचं म्हणणं मान्य. पण नऊ वाजता पहिल्या राईडपाशी पोहोचायचं तर आजोबांना पहाटे उठावं लागेल, म्हणून मी ते धरलं नव्हतं.

२०२२ चं तुम्ही काढलंत. तेव्हा उत्तरेत बर्फाचं वादळ होतं आणि देशभर हजारो विमानं रद्द झाली. आमच्याकडे येणारे आले नाहीत आणि जाणारे जाऊ शकले नाहीत. लॉबीत लोक बॅगांवर डोकं ठेवून झोपले होते, आम्ही होती नव्हती तेवढी पांघरुणं वाटली. अंदाज देणाऱ्या कुठल्याच साइटवर हे आधी दिसत नाही. उत्तरेत बर्फ पडला की ऑर्लँडोच्या रांगा बदलतात.

एडिसनकर

खरं आहे. नेवार्कला त्या वेळी आम्ही परतीच्या तिकिटाऐवजी भाड्याची गाडी शोधत होतो.

दादा, एक विचारतो. जेवणाची वेळ बघून रांगा कमी-जास्त होतात का? आम्हाला दुपारी बाराला प्रत्येक ठिकाणी रांग दिसली, जेवायलासुद्धा.

रात्रपाळी

होतात, पण उलट्या. बारा ते तीन राईडच्या रांगा सगळ्यात लांब, कारण उशिरा उठणारे तोवर पोहोचलेले असतात आणि सकाळी आलेले अजून गेलेले नसतात. पाचनंतर लहान मुलांवाले थकून बाहेर पडतात. परेड आणि आतषबाजी चालू असताना राईडच्या रांगा दिसतील अशा कमी होतात. ज्यांनी ती एकदा पाहिली आहे त्यांनी ती वेळ राईडसाठी वापरावी.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आलेख बघितला तर प्रत्येक टेकडीमागे कोण आहे ते दिसतंय. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, पंढरपूरला एकादशी टाळून दर्शनाला जातात तसंच हे. ७ ते ११ डिसेंबर ठरलं. मुलीच्या बाईंना मेल लिहिते.

दोन गोष्टी राहिल्या. मॅजिक किंगडमला पार्टीच्या दिवशी जायचं म्हणजे मुलीला रात्रीची आतषबाजी दिसणार नाही. तिचा जीव त्यातच आहे. आणि आई बाहेरचं फार खात नाही, शाकाहारी आहे. घरचं आत नेऊ देतात का?

रात्रपाळी

ताई, मग असं करा. मॅजिक किंगडमसाठी दोन दिवस ठेवा. पार्टीचा दिवस राईडसाठी. सकाळी पार्क उघडायच्या पाऊण तास आधी गेटवर असा. लक्षात घ्या, गाडी लावली की लगेच गेट येत नाही. पार्किंगपासून ट्राम, मग मोनोरेल नाहीतर तळं ओलांडणारी बोट, यातच बराच वेळ जातो. बोट घ्या, जागा मिळाली तर आजोबांना बसता येईल आणि किल्ला पाण्यावरून दिसेल. चारनंतर पार्टीचे लोक आत येऊ लागतात, तेव्हा तुम्ही निघायच्या तयारीला लागा.

दुसरा दिवस बिनपार्टीचा. त्या दिवशी सकाळी हॉटेलात झोपा, आजोबांचे पाय वर करू द्या, चार वाजता आत जा. राईडच्या मागे लागूच नका. परेडची जागा धरा, आइस्क्रीम खा, रात्री आतषबाजी बघा. पार्टीच्या तारखा डिस्नेच्या साइटवर कॅलेंडरमध्ये दिलेल्या असतात. त्या आधी बघा आणि मगच कोणता पार्क कोणत्या दिवशी ते ठरवा. पार्टीच्या दिवशी एपकॉट टाळा.

व्हीलचेअर गेटजवळ भाड्याने मिळते. आजोबा नको म्हणतील, माझे वडीलही म्हणाले होते. तरी घ्या. तिथे दिवसाला सहज आठ-दहा मैल चालणं होतं आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलतो.

घरचं जेवण नेता येतं, काचेचं भांडं तेवढं नको. बॅग तपासताना सांगायचं, आत खाणं आहे. थालीपीठ, दशम्या, चटणी, काहीही चालतं, मी कित्येकांना बघितलंय. आणि एका संध्याकाळी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये ‘साना’ नावाचं हॉटेल आहे तिथे जा. पार्काचं तिकीट लागत नाही. तंदूरमधल्या पोळ्या आणि नाना तऱ्हेच्या चटण्या देतात. खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे फिरतात, फक्त अंधार पडायच्या आत पोहोचा. टेबल साठ दिवस आधीपासून बुक होतं, तुमची मुदत तेवढी आली असेल तर आजच बघा.